मढ्याचं काम करणारे सदूभाऊ

फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात होतो. सदूभाऊंचा धाकटा भाऊ पांडुरंग बोलत होता, "दादा गेला... गोठ्यातच छातीत कळ आली." मी तसाच निघालो. त्यांच्या गावी, कासार आंबोलीला पोचलो तर अंगणात सदूभाऊ आडवे, नाकात कापूस. खरं सांगतो, मला रडू आलं नाही. ते उठतील म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. त्यांना असं पडलेलं मी इतक्यांदा पाहिलं होतं...

सदूभाऊ लग्नाचं शूटिंग करायचे आणि उरलेल्या वेळात भुताचे पिक्चर. मी परभणीहून नोकरीसाठी आलेला, भूगावात फ्लॅट घेऊन राहणारा. एका मित्राच्या लग्नात आमची ओळख झाली. "तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय, माझ्याकडं भुतं हायेत. जमवू की," म्हणाले, आणि माझे रविवार गेले ते गेलेच. त्यांनी पहिला पिक्चर सलग एकाच गोष्टीचा काढला होता. अर्धं काम झालं आणि नायकाचे चुलते वारले. दहाव्याला डोकं भादरून गडी सेटवर हजर. अर्ध्या पिक्चरमध्ये झुलपं, अर्ध्यात टक्कल! "गावात लांब गोष्ट टिकत न्हाई," सदूभाऊ सांगायचे, "मदीच कुनीतरी मरतं." तेव्हापासून त्यांनी छोट्या गोष्टी धरल्या. एक गोष्ट एका दिवसात संपवायची आणि अशा पाच गोष्टी ओवून एक पिक्चर करायचा.

हडळ व्हायला गावातल्या बाया हौसेनं यायच्या. तोंडाला पीठ, डोळ्यांभोवती काजळ, की झाली हडळ. पण मढं व्हायला कुणी म्हणजे कुणी तयार नसे. तिरडीवर पडायचं म्हटलं की घरची माणसं आडवी यायची. मग सदूभाऊ कॅमेरा माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः पडायचे. नाकावर माशी बसली तरी हलायचे नाहीत. पोट तेवढं वरखाली व्हायचं, म्हणून अंगावर घोंगडी. प्रत्येक पिक्चरमधलं प्रत्येक मढं तेच. लोकांनाही त्याचं काही वाटत नसे.

शेवटच्या पिक्चरची पाचवी गोष्ट ढग भरून आल्यामुळे अर्धी राहिली. पुढच्या रविवारी पुरी करू म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले. त्या गोष्टीत नायक होता पांडुरंग, आणि त्यानं भावासाठी डोकं भादरलं. मला त्या दिवशी सदूभाऊंचा राग आला. दुसऱ्यांना सांगत फिरायचे आणि स्वतःच मध्ये गेले. असं कुणी करतं का?

पिक्चर गावात दाखवायचा का, हा प्रश्न होता. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी नाहीच म्हणाल्या. "त्यात ते पडल्यात, भावजी. समद्यांसमोर मला न्हाई बघवायचं." त्यांचं बरोबर होतं. फक्त जुनी पत्रं जाळण्याआधी वाचावीत तसं एकदा एकटीनं बघते म्हणाल्या, म्हणून मी लॅपटॉप घेऊन गेलो. न कापलेलं शूटिंगच लावलं. सदूभाऊ पडलेले. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. मी बंद करायला हात पुढे केला, एवढ्यात पडद्यावर ते उठून बसले, पाठीचं गवत झटकलं आणि म्हणाले, "झालं का? मुंग्या चावत्यात." एरवी हा तुकडा आम्ही कापून टाकायचो.

वहिनींनी तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाल्या, "दावा पिच्चर. पर हे कापू नका."

"वहिनी, मढं असं उठून बसलं तर कुणाला भीती वाटेल?"

"नगं वाटाया."

परवा भरदुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून पिक्चर दाखवला. पाचही गोष्टींत मढं उठून बसलं. अर्ध्या राहिलेल्या पाचव्या गोष्टीला तर तोच शेवट. पहिल्या वेळी लोक हसले, नंतर हसू कमी होत गेलं. मी मागून वहिनींकडे बघत होतो. त्या सतरंजीवर पुढेच बसल्या होत्या. पाचव्या वेळी सदूभाऊ उठले, घोंगडी खांद्यावर टाकून कॅमेऱ्याकडे चालत आले, आणि वहिनी सवयीनं थोड्या बाजूला सरकल्या. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. पिक्चर संपून दिवे लागेपर्यंत त्या तशाच बसून होत्या, तेवढी जागा सोडून.