बाप्पांचा बादलीतला मुक्काम

आमच्या सोसायटीत प्रदूषणावर माझ्याइतकं कोणी बोलत नाही. माझ्याइतकं कोणी करतही नाही, हे मात्र यंदाच्या गणपतीत सिद्ध झालं.

गणपतीच्या आधी पार्किंगमध्ये मीटिंग झाली, तेव्हा मी उभा राहून जल, वायू, ध्वनी आणि मृदा असे चारही प्रकार कारणं-परिणामांसकट सांगितले. आदल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदेकाठानं चालत गेलो होतो. पाणी उतरलं होतं आणि चिखलात मूर्ती आडव्या पडल्या होत्या. एका मूर्तीचा नुसता हात वर होता, आशीर्वाद देणारा. ते सांगताना माझा आवाज खरोखर भरून आला. त्या भरात मी जाहीर केलं, "यंदा आमचा गणपती शाडूचा! बादलीत विसर्जन. दोन तासांत माती, आणि ती माती तुळशीला."

टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माझं नेहमीच वाटोळं केलंय.

मूर्ती मीच आणली. स्टॉलवाल्याला विचारलं, "शाडूचीच ना?" तो म्हणाला, "शंभर टक्के, काका." एवढी चौकशी मी लग्न ठरवतानाही केली नव्हती.

दहाव्या दिवशी उत्तरपूजा झाली. बाल्कनीत नव्या कोऱ्या निळ्या बादलीत बाप्पांना बसवलं. दोन तासांनी पाहिलं, तर जसेच्या तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर आंघोळ झाल्यासारखे आणखी प्रसन्न. मूर्ती प्लास्टरची होती.

इथवर फजिती माझ्या एकट्याची होती. पण आई जेवेना.

"घरातला पाहुणा अजून दारात उभा आहे आणि मी पानावर बसू?" ती म्हणाली. "बाप्पा गेले की जेवेन."

आईला साखरेचा त्रास. गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. केळं आणि चहा यांवर तिनं दीड दिवस काढला. दुपारी खुर्चीतून उठताना ती भिंतीला धरून थांबली. बायको मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अहो, तुमचं ते पर्यावरण आवरा. त्यांना चक्कर आली तर?"

मी पालिकेच्या केंद्राकडे पळालो. प्लास्टरची मूर्ती विरघळवायची पांढरी पावडर तिथे फुकट मिळते. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: साधं पाणी, मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, अधूनमधून ढवळा, दोन-तीन दिवस. दोन-तीन दिवस आईकडे नव्हते. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते, हे मला चौथीपासून माहीत आहे. मी गिझरचं कढत पाणी आणलं आणि पावडर दुप्पट घेतली.

"ढवळायला काय देऊ?" बायकोनं विचारलं. "डाव मिळणार नाही. आणि झाडूच्या दांड्यानं बाप्पांना ढवळलंत तर मी माहेरी जाईन."

शेवटी गुढीची काठी सापडली. मी नमस्कार केला आणि पावडर ओतली.

फस्स झालं. बादलीतून पांढरा फेस वर आला आणि पाठोपाठ असा वास सुटला, की जगातल्या तमाम एसटी स्टँडांच्या मुताऱ्या एकदम आमच्या बाल्कनीत उघडल्या. कढत पाण्यात पावडर विरघळायच्या ऐवजी अमोनिया होऊन हवेत निघाली होती. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "गॅस लीक!" वॉचमननं शिटी फुंकली, ती ऐकून कुत्री सुरू झाली, आणि जिन्यावरून उतरणाऱ्यांनी एकमेकांना शांत राहायला ओरडून सांगितलं. गोदेचं पाणी तेवढं मी वाचवलं होतं.

बादली खाली मोकळ्यावर आणा, असा हुकूम झाला. मी नाकाला पंचा बांधून ती पार्किंगमध्ये आणून ठेवली. भोवती सगळी बिल्डिंग उभी, सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा.

तळमजल्यावरचे दिंडोरीकडचे बागायतदार रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "साहेब, आयुष्यभर द्राक्षावर औषधं मारली, पण असं रडलो नव्हतो. मारलं तरी काय?"

"विसर्जन केलं."

"मंग आधी मास्क वाटायचे ना राव!"

तेवढ्यात बायको आईला धरून लिफ्टनं खाली आली. तीन-चार वर्षांपूर्वीच्या तापानंतर आईला वास येत नाही. तिनं पाहिलं ते एवढंच: मधोमध बादली, बादलीत रंग उडालेले पण बाकी शाबूत बाप्पा, आणि भोवती रडणारी माणसं. तिनं हात जोडले. "पुढच्या वर्षी लवकर या," ती म्हणाली. घसे बसलेल्या सगळ्यांनी खोकत खोकत मोरया केला.

"बघ," आई मला म्हणाली, "असा निरोप मिळाल्यावर कोण थांबेल? बाप्पा गेले. बादलीत राहिलंय ते प्लास्टर. चल, पानं घ्या."

वर येऊन तिनं दोन वेळा वरणभात घेतला. तिला पोटभर जेवताना पाहिलं आणि मला माझ्या खोटेपणाची लाज वाटायला लागली.

"आई, ती माणसं भक्तीनं रडत नव्हती गं," मी म्हणालो. "त्या पावडरीनं डोळे झोंबत होते."

"माझेही झोंबत होते की," आई म्हणाली. "नाक गेलंय, डोळे नाही गेले."

"मग बाप्पा गेले असं कसं म्हणालीस?"

"अरे, दीड दिवस झाला मला भूक लागून," ती ताटावरून मान वर न करता म्हणाली. "तुझी मूर्ती विरघळेपर्यंत मीच गेले असते. तूप वाढ."