मागचं उडवणारी लेन्स

कळव्याची संचिता घाग बारा वर्षं लग्नाचे फोटो काढतेय. हॉलमधल्या कमी उजेडासाठी नवी लेन्स घ्यायला ती ठाण्याच्या दुकानात गेली.

"मॅडम, पंच्याऐंशी एमएमची प्राइम लेन्स घ्या," दुकानदार म्हणाला. "चेहरा एकदम शार्प, मागचं सगळं धूसर होऊन उडतं."

संचिता भडकलीच. "मागचं म्हणजे काय, कचरा आहे? मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे तिचा मामा उभा असतो. त्याला उडवू? आणि डोंबिवलीच्या छोट्या हॉलमध्ये ही लांबची लेन्स घेऊन, सगळे फोटोत मावावेत म्हणून मागे सरकत सरकत मी काय पंगतीत जाऊन बसू? पस्तीसची दे. तिचंसुद्धा छिद्र मी पूर्ण उघडणार नाही, नाहीतर मागचं पुन्हा धूसर. मागचा माणूस ओळखू आला पाहिजे."

"पण हल्ली लोकांना तसंच आवडतं."

"मलाही आवडलेलं!" तिने मोबाइल काउंटरवर आपटला. स्क्रीनवर तिच्याच लग्नाचा फोटो होता. नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट. तिच्या मागे फेट्याचा नुसता भगवा डाग.

"हा माझा मामा. बाप गेल्यावर यानेच मला वाढवलं. त्याचा हा शेवटचा फोटो. आता दाखव, यात त्याचे डोळे कुठायत?"