तारखेप्रमाणे लावलेल्या फाइली

पुसदहून तासाभरावरच्या एका सरकारी कचेरीत मी एकोणतीस वर्षं कारकुनी केली. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या नोकरदारांचं. पावणेदहाला टेबलाशी हजर असायचं, दिवसाची कामं एका कागदावर उतरवायची आणि होईल तसं एकेक खोडायचं, ही वडिलांची शिस्त मी उचलली. तिच्यात माझी एक भर घातली. समोर आलेल्या माणसाला आधी ‘बसा’ म्हणायचं, मग काम विचारायचं आणि पुन्हा कधी यायचं ते वार-वेळेसकट सांगायचं. नुसतं ‘नंतर या’ मी कधी कुणाला म्हटलं नाही.

माझ्या टेबलावरच्या फाइली अर्जाच्या तारखेप्रमाणे लागत. जो आधी आला, त्याची आधी. ओळखीपाळखीवाल्यांच्या फाइली वर आणि बाकीच्यांच्या खाली, हे नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी इतकं पाहिलं होतं की तारखेच्या क्रमाला मी कुणालाच हात लावू देत नसे.

समोरच्या टेबलावरचा माझा सहकारी अगदी उलटा. साडेअकराला यायचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बोलायचा. पण एखाद्याची निकड पटली की त्याची फाइल गठ्ठ्यातून उपसून सरळ साहेबांपुढे धरायचा. “अर्जंट हाय साहेब,” एवढं म्हणून दोन मिनिटांत सही घेऊन यायचा. एकदा त्यानं माझ्या गठ्ठ्यातली फाइल उपसली, तीही ओळखीच्या एका ठेकेदाराची. मी त्याला सगळ्या कचेरीसमोर बोलले. पुन्हा माझ्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही, असं बजावलं.

“नाई लावत बाई,” तो शांतपणे म्हणाला. “लिहून देऊ काय?”

त्यानंतर महिन्याभरानं जवळच्या तांड्यावरचे एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या नातीचा यवतमाळला नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला होता. तिला आईबाप नव्हते, तिला वाढवलं आजा-आजीनंच. अडचण एवढीच, की जातीच्या दाखल्यावर तिच्या वडिलांचं नाव एका तऱ्हेनं लिहिलेलं आणि शाळेच्या कागदावर दुसऱ्या. ती दुरुस्ती करून दाखला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कॉलेजला ऑनलाइन पाठवायचा होता.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं समजावून सांगितलं. आमच्या साहेबांकडे दोन कचेऱ्यांचा कारभार होता, ते मंगळवारी आणि शुक्रवारीच येत. मंगळवारी म्हातारबाबा दहालाच येऊन बाकावर बसले. साहेबांनी अर्ध्या गठ्ठ्यावर सह्या केल्या आणि मिटिंगला निघून गेले. मी उरलेल्या फाइली मोजल्या. शुक्रवारी त्यांची फाइल नक्की निघणार होती.

“शुक्रवारी चार वाजता या. काम होईल,” मी म्हटलं.

“चार म्हंजे चारच ना बाई?”

“चारच.”

“मंग मी येतो. तुमच्या वेळंले येतो.”

गुरुवारी संध्याकाळी मला पत्र मिळालं. शुक्रवारी यवतमाळला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय होता कार्यालयीन शिष्टाचार आणि वेळेचं नियोजन. बाकी कुणी जायला तयार नव्हतं, मला मात्र मनापासून आनंद झाला. आयुष्यभर जे एकटीनं पाळलं, त्याबद्दल कुणीतरी बोलणार होतं. निघण्याआधी मी गठ्ठा नीट लावला, उद्या तो साहेबांपुढे ठेवायला शिपायाला सांगितलं. म्हातारबाबांची फाइल बरीच खाली होती. ती वर ठेवावी म्हणून मी हात पुढे केला, फाइल अर्धी बाहेरही काढली. मग वाटलं, आज ही वर ठेवली तर त्या दिवशी सहकाऱ्याला कोणत्या तोंडानं बोलले? हिशेबानं ती निघणारच होती. मी ती परत जागेवर सरकवली.

प्रशिक्षण वेळेवर सुरू झालं. दुपारनंतर प्रशिक्षकांनी प्रत्येकाला आपली एक चांगली सवय सांगायला लावली. माझी पाळी आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. लोकांना नक्की वेळ द्यावी, म्हणजे त्यांचा हेलपाटा वाचतो, असं मी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी पावणेदहाला मी आले तेव्हा म्हातारबाबा बाकावर बसलेले होते. गठ्ठ्यात त्यांची फाइल तशीच होती. तिच्यावर फक्त तीन फाइली उरल्या होत्या.

“काय झालं?” मी विचारलं, पण ते मला कळलंच होतं.

“मी पावनेचारलेच आलतो. साहेब आत सह्या करून राह्यले होते. समोरच्या टेबलावरल्या बाबूले म्हनलं, माही फाइल दाखवा न जी. ते म्हनले, बाईच्या गठ्ठ्याले हात लावाची मले बंदी हाय. साडेचारले साहेब गेले. पोरगी समोरच्या कम्प्युटरच्या दुकानात बसून होती. दुकानवाल्यानं शटर ओढलं तवा उठली.”

मी कॉलेजला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की यादी बंद झाली आहे, रिकामी जागा पुढच्या नंबरला गेली आहे. मी पुन्हा लावला, तिच्या वरिष्ठांशी बोलले, चूक आमच्या कचेरीची आहे असं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेच उत्तर दिलं.

मी म्हातारबाबांची माफी मागितली. ते म्हणाले, “बाई, तुमचा राग नाई. पन एक सांगतो. तुमी मले हाकलून देल्लं असतं तं मी कोनाले तरी धरलं असतं. सरपंचाले आनलं असतं, साहेबाच्या गाडीपुढं उभा राह्यलो असतो. तुमी बसा म्हनलं, मनून मी बसलो.”

मंगळवारी सही झाली. त्यांनी दाखला घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि गेले.

तीन आठवड्यांनी एका रविवारी मी तांड्यावर गेले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, सगळे कागद मी बघते, असं नातीला सांगायचं होतं. ती कापूस वेचायला गेली होती. आजी दारात बसली होती. तिनं माझं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “पोरीचं जमवलं जी. माहूरकडचे हायेत. तुळशीचं लग्न झालं की उरकून टाकतो.”

“तिला शिकायचं आहे ना?”

“होतं,” आजी म्हणाली.

बस यायला दीड तास होता. तेवढ्यात मुलगी येईल म्हणून मी थांबले. ती आली नाही.

मी आणि तो सहकारी आणखी तीन वर्षं समोरासमोर बसलो. त्या शुक्रवारबद्दल आम्ही एकदाच बोललो, माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात. जेवणाचा डबा बंद करता करता तो म्हणाला, “मले उठता येत होतं त्या दिवशी. म्हातारा दोनदा हात जोडून गेला. मी मुद्दामच नाई उठलो. म्हनलं, पाहू दे बाईले तिच्या नियमानं काय होते ते.”

“मीही ती फाइल अर्धी बाहेर काढली होती,” मी म्हटलं. “परत आत सरकवली.”

त्यानं मान हलवली. बाहेर बाकावर चारजण बसले होते. मंगळवार असूनही साहेब त्या दिवशी येणार नव्हते, आणि ते अजून कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी उठले, बाहेर गेले आणि त्यांना शुक्रवारी यायला सांगितलं.