लडाखचे राजे आणि आमचा दादा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत राहायचो. गिरणीचा संप लांबत गेला, बाबांची नोकरी गेली, आणि दादा घरात कोणालाही न विचारता सैन्यात भरती झाला. मी तेव्हा पार्ल्याच्या कॉलेजात इतिहास शिकत होते. दादाची तुकडी लडाखला गेल्याचं कळलं, तेव्हा निबंधासाठी मी सरांकडून लडाखच्या इतिहासाचाच विषय मागून घेतला. दादा जिथे आहे तिथलं काहीतरी आपल्यालाही कळेल, असं वाटलं.

त्या हिवाळ्यात दादाची पत्रं येईनाशी झाली. मग एका सकाळी रेडिओवर सांगितलं, उत्तरेत हिमकडा कोसळून काही जवान गाडले गेलेत. किती, कुठल्या तुकडीचे, काही नाही. बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते रेडिओचं बटण फिरवत राहिले. नंतर कुलाब्याला लष्कराच्या कचेरीत जाऊन आले. "कळलं की कळवू म्हणाले," एवढंच सांगून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आई बोलेनाशी झाली. शेजारणी यायच्या, तिच्याजवळ बसायच्या, उठून जायच्या. एका दुपारी मी निबंधाचं पुस्तक नुसतंच उघडून बसले होते, तेव्हा ती अचानक तिच्या मालवणीत म्हणाली, "थंयचा काय लिवलाहा त्यात? मोठ्यान वाच."

मी वाचायला लागले. तिला कळेल असं मध्येमध्ये सोपं करून सांगत होते. लेहच्या टेकडीवर राजांनी नऊ मजली वाडा बांधला. तिबेटशी लढाई झाली तेव्हा राजाने काश्मीरच्या मोगल सुभेदाराची मदत घेतली, आणि त्या मदतीपायी लेहमध्ये मशीद उभी राहिली. पुढे जम्मूचं सैन्य डोंगर ओलांडून आलं. राजाला वाडा सोडावा लागला, तो नदीपलीकडच्या गावात जाऊन राहिला.

"म्हणजे मुलूख कोणाचो?" आईने विचारलं.

"त्या त्या वेळी जो जिंकेल त्याचा."

"थंय ऱ्हवतत त्यांचो नाय?"

मी पान उलटलं आणि थांबले. जम्मूचा सेनापती लडाख जिंकून थांबला नव्हता. तो सैन्य घेऊन तिबेटात शिरला आणि हिवाळ्यात अडकला. पुढच्या ओळी मला माहीत होत्या. मी ते पान गाळून एकदम इंग्रजांच्या काळावर गेले.

आई म्हणाली, "मधला सोडू नको. त्या सैन्याचा काय झाला?"

"बास गो आता," बाबा आडव्यानेच म्हणाले.

"तुमी गप ऱ्हवा. वाच गो."

मी वाचलं. थंडीने शिपायांची बोटं निकामी झाली, हत्यार धरता येईना. जळण संपलं तेव्हा त्यांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळून शेकोटी केली. सेनापती पडला. माघारी फार थोडे आले. बाबा उठून बसले होते.

आई रडली नाही. तिने विचारलं, "आणि त्यांच्या घरी कधी कळला?"

मी ते पान पुन्हा पाहिलं, पुढचंही पाहिलं. सेनापतीबद्दल बरंच होतं. घरांबद्दल एक ओळ नव्हती.

तेवढ्यात खालून वाण्याच्या बायकोने हाक मारली, "फोन! बाहेरगावचा आहे, लवकर या!" आमच्याकडे फोन नव्हता, निरोपासाठी दिलेला पीपी नंबर त्यांच्या दुकानातला होता. आई जागची हलली नाही. बाबा आणि मी धावलो. जिन्यात बाबांची चप्पल निसटली, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. रिसीव्हर मात्र त्यांनी माझ्या हातात दिला.

"ए, मी बोलतोय," दादा म्हणाला. खरखर इतकी, की त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटला. "चंदीगडला आहे, इस्पितळात. डाव्या पायाची बोटं काढली. बाकी ठीक. आईला पायाचं आत्ता सांगू नकोस."

मी वर गेले. आई दारात उभी होती.

"आसा मा?"

"आहे."

"काय गेला?"

मी सांगून टाकलं. ती खाली बसली आणि तेव्हा मात्र तिला रडू फुटलं.

दादा उन्हाळ्यात घरी आला. चालताना भिंतीचा आधार घ्यायचा. बर्फाबद्दल काही विचारलं की विषय बदलायचा. पण एकदा स्वतःहून म्हणाला, "तिथे एका म्हाताऱ्याने आम्हाला खारट चहा पाजला. त्याचा आजा सांगायचा, राजा आला, जम्मूवाले आले, गोरे साहेब आले, प्रत्येकाने ओझी वाहायला गावकऱ्यांचीच घोडी आणि माणसं नेली."

"आणि तुम्ही लष्करवाले?" मी विचारलं.

"मीही त्याला तेच विचारलं. तो हसला. म्हणाला, तुम्हीपण नेता, पण विचारून नेता."

बाबा दारात बसून ऐकत होते. उठले आणि दादाची चप्पल घेऊन चांभाराकडे गेले. पुढच्या बाजूला मऊ चामड्याची गादी शिवून आणली. दादाच्या पायाशी बसून त्यांनी स्वतः ती त्याला घातली. "संप नसता तर तू गेला नसतास," ते खाली बघतच म्हणाले.

"असं काही नाही हो बाबा," दादा म्हणाला आणि त्यांच्या खांद्याला धरून उभा राहिला. दोघं गॅलरीच्या टोकापर्यंत चालत गेले. दादाला चपलेचा पट्टा जरा घट्ट वाटला, तो बाबांनी तिथेच खाली बसून सैल केला.