वाजवून बघणारा माझा मेहुणा

सोलापुरात आणि आसपासच्या चार तालुक्यांत माझ्या मेहुण्यानं वाजवून बघितली नाही अशी वस्तू शिल्लक नसेल. माठ तर सगळेच वाजवून घेतात. हा चहाचा कप वाजवायचा, कपाट वाजवायचा, सायकलचा सांगाडा वाजवायचा. देवळात गेला तर हात जोडायच्या आधी खांबावर बोटाचं पेर मारून कान लावायचा. एकदा दवाखान्यात डॉक्टरनं त्याच्या पाठीवर बोटं ठेवून टकटक केलं, तर हा मान वळवून म्हणाला, "सायेब, डावीकडं आवाज जड आला बगा. परत मारा." डॉक्टर चिडला, पण परत मारलं. डावीकडं खरंच कफ होता.

हा माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. गाव केम. लहानपणी बापाबरोबर कुर्डुवाडी जंक्शनला गेला, की तिथं उभ्या गाडीची चाकं लांब दांड्याच्या हातोडीनं वाजवत जाणारा एक माणूस त्याला दिसायचा. चाक खणखणीत बोललं की पुढं, बद्द बोललं की खडूची खूण. बाकीच्या पोरांना इंजिन चालवायचं असायचं, ह्याला हा हातोडीवाला व्हायचं होतं. मोठा झाला, सोलापूरला माझ्या घरी राहायला आला, मी ज्या कारखान्यात वेल्डर होतो तिथंच फिटर म्हणून लागला, तरी डोक्यातली हातोडी काही गेली नाही. खिशात दोन गोष्टी कायम: सुतळीला बांधलेलं भिंग आणि माझ्या बायकोच्या फणेरपेटीतला गोल आरसा. पाइपाची मागची बाजू दिसावी म्हणून त्यानं तो मागून घेतला, तो परत दिलाच नाही. ती बिचारी पुढं बरीच वर्षं ताटात पाणी घेऊन कुंकू लावायची.

त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही बार्शीकडं गेलो तेव्हाची गोष्ट. पोहे आले, मुलगी आली, आणि हा मुलीकडं बघायचं सोडून कोपऱ्यातल्या पितळी घागरीकडं बघत बसला. शेवटी उठला, घागर वाजवली, भिंग लावलं, आणि मुलीच्या बापाला म्हणाला, "मामा, बुडाचा सांधा गेलाय. गळती हाय." बाप लालबुंद झाला. म्हणाला, "पाव्हणं, तुमी पोरगी बघायला आलाय का भांडी?" आम्ही चपला घातल्या. तेवढ्यात आतनं मुलीचाच आवाज आला, "आप्पा, ते खरं बोलत्यात. रोज सकाळी खाली ओल असती." लग्न तिच्याशीच झालं.

आता मूळ गोष्ट. त्या वर्षांत उजनीचं धरण बांधायचं चाललं होतं, आणि आमच्या मालकांना वाटत होतं की तिथलं लोखंडकाम आपल्याला मिळावं. पण तसल्या कामाला तपासनीस लागायचा, तोही परीक्षा पास झालेला, कागदवाला. सांधा न कापता, न तोडता आत काय आहे हे सांगणारा. मालक म्हणाले, दोघांना मुंबईला कोर्सला पाठवतो. मेहुणा तयारच होता. दुसरं नाव त्यांनी माझं घेतलं, कारण वेल्डिंगमध्ये माझा हात चांगला होता. मी नाही म्हणालो. माझं शिक्षण चौथी. बायको सातवी पास. ती म्हणाली, "आवो जा की. मी वाचून दाखवते, तुमी नुसतं ऐका. ऐकून बी पास हुतंय मानूस." मी म्हणालो, "बायकोकडनं शिकून परीक्षा देऊ? कारखान्यात तोंड कुटं दाखवू?"

मेहुणा पंधरा दिवस मुंबईला जाऊन आला तो एक जाड वही घेऊन. मास्तर जे बोलले ते सगळं त्यानं बाळबोध अक्षरात जसंच्या तसं उतरवलं होतं. परीक्षेला दोन महिने होते. रोज संध्याकाळी माझी बायको चुलीपुढं भाकऱ्या थापायची, वही पाटावर उघडी ठेवलेली, आणि ती प्रश्न विचारायची. "पोरॉसिटी म्हंजे काय?" "आत अडकलेल्या हवेची भोकं." "स्लॅग?" "आत ऱ्हायलेला मळ." "लॅमिनेशन?" ह्यावर तो तव्यावरल्या फुगलेल्या भाकरीकडं बोट दाखवायचा. "पत्र्याचे दोन पापुद्रे सुटनं. पत्र्यात असलं तर फेकून द्यायचं, भाकरीत नसलं तर आक्काला फेकून द्यायचं." ती त्याला उलथनं दाखवायची. मी बाहेर ओट्यावर विडी ओढत बसायचो. ऐकत नाही असं दाखवायचो. सगळं ऐकू यायचं.

परीक्षेत डोळ्यांची तपासणी असते. हातभर अंतरावर धरलेल्या कागदावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायची. ह्याला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, म्हणून बायकोनं तीही शिकवली, राखेवर बोटानं काढून. परीक्षेत ह्यानं सगळ्यात बारीक ओळ वाचलीच, वर कागदाच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही एकेक अक्षर लावून वाचलं. तपासणारे साहेब म्हणाले म्हणे, हे आजपर्यंत मलाही दिसलं नव्हतं. पास होऊन आला तेव्हा स्टेशनवरनं घरी न येता आधी कारखान्यात गेला, आणि फाटकापासून आतपर्यंत जे जे सांधलेलं दिसलं ते वाजवत आला.

त्या दिवसापासून जगाचे त्यानं तीन भाग केले. पास, रिपेअर, कट. जेवण पास, सदरा रिपेअर, शेजारी कट. आणि कारखान्यात तर त्याचा खडू चालायचाच. पहिल्याच आठवड्यात माझ्या एका सांध्यावर त्यानं पांढरा गोल काढला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "दाजी, रिपेअर." सगळे हसले. मी तो सांधा कापून उघडला, आत मळ निघाला. त्याचं बरोबर होतं. पण बरोबर असलेला माणूस घरातलाच असला, की तो जास्तच टोचतो. मला तो गोल पुढं कित्येक दिवस डोळ्यांपुढं दिसत होता.

मग चादरींचं सूत रंगवायच्या एका कारखान्याची टाकी आमच्याकडं आली. आत वाफेचा दाब धरणारी टाकी. पुढच्या महिन्यात मेहुण्याची वरची परीक्षा होती. ती पास झाला असता तर धरणावरची तपासणी त्याच्या सहीनं झाली असती. रेल्वेचं तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं. त्या टाकीच्या नळीचा सांधा माझ्याकडं होता. वेल्डिंगच्या कांड्या भट्टीत शेकून घ्यायच्या असतात, दमट कांडीनं मारलेला सांधा दुसऱ्या दिवशी तडकतो. मला हे माहीत होतं. घाई होती, मी तशाच मारल्या. सकाळी बघतो तर सांध्याच्या कडेला केसाएवढी चीर.

दहा वाजता मेहुणा लाल रंगाचा डबा घेऊन येणार होता. ती तपासणी सोपी असते. सांध्यावर लाल रंग लावायचा, वीस मिनिटं थांबायचं, पुसून काढायचा, वरनं पांढरी पूड फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यातनं वर येतो, कपाळावर कुंकवाची रेघ उमटावी तसा. मी सांधा कापून परत मारू शकत होतो, अर्ध्या दिवसाचं काम. पण परत एकदा सगळ्यांपुढं "दाजी, रिपेअर" ऐकायचं माझ्या जिवावर आलं. मग मी लोखंड घासायचा ग्राइंडर फिरवला आणि गोल तोंडाच्या हातोडीनं वरनं हलके ठोके दिले. त्यानं लोखंड पसरतं आणि चिरेचं तोंड मिटतं. मग लाल रंग आत जातच नाही. हे मला कुणी शिकवलं? ओट्यावर बसून मीच ऐकलं होतं. माझ्या बायकोनं वहीतनं वाचलेलं, "घासल्यानं काय हुतं?" आणि त्याचं उत्तर, "चिरेचं तोंड मिटतं, म्हनून घासलं असंल तर आधी ॲसिडनं धुवायचं."

तो आला. रंग लावला, पुसला, पूड मारली. पांढरं ते पांढरंच राहिलं. तो भिंग लावून सांध्याच्या अगदी जवळ वाकला. मग विचारलं, "दाजी, ग्राइंडर फिरवलाय का?"

"न्हाय," मी म्हणालो. "नुसता ब्रश मारलाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. भिंग खिशात ठेवलं आणि सही केली. मला नंतर आठवलं, त्या दिवशी त्यानं तो सांधा वाजवला नाही.

चार दिवसांनी गिऱ्हाईकाच्या इंजिनियरपुढं टाकीत पाणी भरून दाब दिला. काटा निम्म्यावर गेला नाही तोच माझ्या सांध्यातनं पाण्याची बारीक पिचकारी उडाली. कुणाला काही लागलं नाही, इंजिनियरचा सदरा भिजला तेवढाच. त्यानं कागद मागितला आणि सही बघितली. आमचे मालक चिडले की कानडीत ओरडायचे, आम्हाला त्याची सवय होती. त्या दिवशी ते मराठीत बोलले आणि हळू बोलले. "ह्यावर पास कुणी लिहिलं?"

मेहुणा पुढं झाला. म्हणाला, "मी. माझ्याकडनं ॲसिडनं धुवून घ्यायचं ऱ्हायलं."

मी तीन हातांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि त्याचा कागद राहिला असता. मी उघडलं नाही.

त्याची सही बंद झाली. मुंबईचं तिकीट परत केलं. मालकांनी त्याला काढलं नाही एवढंच, पण ग्राइंडरवर घातलं. दिवसभर लोखंड घासायचं, कानाशी किंचाळी. तीन वर्षांनी त्याच्या कागदाची मुदत संपली, आणि तो नवा करून घ्यायला कुणी पाठवलं नाही. धरणाला तपासनीस बाहेरगावाहून आला. धरण झालं, पाणी अडलं, केमकडं ऊस उभा राहिला. हा रिटायर होईपर्यंत ग्राइंडरवरच.

टाकी गळली त्या दिवशी संध्याकाळी माझी बायको भाकरी थापत होती. मी आत आलो तर तिनं वर न बघता विचारलं, "तुमी घासलं हुतं का वो?" मी म्हणालो, "न्हाय." तिनं भाकरी उलटली. परत कधी विचारलं नाही. चाळीस वर्षं संसार झाला त्यानंतर, दुखणं आलं, दवाखाने झाले, शेवटी तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तरी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ती गेली.

मेहुणा आता महिन्यातनं एकदा केमहून येतो. सकाळच्या पॅसेंजरनं येतो, जेवतो, परत जातो. वाजवून बघायची खोड तशीच आहे. येताना जिन्याचा कठडा वाजवतो, दाराची कडी वाजवतो. पण ग्राइंडरनं त्याचे दोन्ही कान नेले. वाजवतो, आणि ऐकू काहीच येत नाही. बोट मारून कान लावतो, थोडा वेळ थांबतो, मग आपलीच मान हलवतो.

परवा आला तेव्हा मी ठरवलंच होतं. पण ह्याला काही सांगायचं तर ओरडावं लागतं. चाळीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट मला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी सांगावी लागली. "त्या टाकीचा सांधा मी घासला हुता." समोरच्या ओट्यावरची बाई तांदूळ निवडायची थांबली.

तो म्हणाला, "म्हाईत हाय की. ताज्या घासलेल्या लोखंडाचा वास येतो, दाजी. ब्रशाला येत न्हाय."

"मग सही का केलीस?" मी परत ओरडलो.

"तुमी न्हाय म्हनला. दाजी खोटं बोलत्यात हे कागदावर कुटं लिवू? त्याला रकाना नव्हता."

मी विचारलं, आक्काला सांगितलं होतंस का.

"तिनंच मला सांगितलं," तो म्हणाला. "त्याच आठवड्यात. म्हनली, त्यांना काय इचारू नको. सांगत्याल आपनहून."

मी उठून चहा टाकला. घरात आता दोनच कप आहेत. एक माझा, एक तिचा, निळ्या काठाचा, ज्याला ती गेल्यापासून मी हात लावला नव्हता. तो त्याला दिला. त्यानं सवयीनं आधी चहा बशीत ओतून कप रिकामा केला, उचलून धरला, नखानं वाजवला, कानाला लावला. मग माझ्यापुढं धरला.

"मला काय बोलंना झालाय. तुमी ऐका आन सांगा."

मी कप कानाशी घेतला आणि वाजवला. बद्द आवाज आला. भिंगाची गरज नव्हती, कपाच्या कानाखाली केसाएवढा तडा होता. ती त्यातनं किती दिवस पीत होती कुणास ठाऊक. फुटक्या कपातनं चहा पिऊ नये म्हणून ह्या माणसानं सोलापुरातल्या निम्म्या हॉटेलवाल्यांशी भांडणं केली आहेत.

"तडा हाय," मी म्हणालो. आणि त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून परत, मोठ्यानं, "तडा हाय रं, कानाखाली."

"व्हय?" तो म्हणाला. कप घेतला, बशीतला चहा परत त्यात ओतला, आणि हळूहळू सगळा प्याला.