कोबेला चंद्र दिसेपर्यंत

दुबईत, जबल अली बंदराजवळच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या समोरच्या टेबलावर काम करायचा. रत्नागिरीचा मुसलमान, बोलणं भरभर, दर वाक्याला अरबी 'यल्ला', म्हणजे 'चल'. एरवी जेवायला आपल्या गाववाल्यांत बसायचा. पण दोन हजार आठच्या मंदीनंतर एकेकाच्या नोकऱ्या जायला लागल्या. ज्याची गेली त्याच्यापासून आम्ही कॅन्टीनमध्ये लांब बसायचो, जणू साथीचा रोगच. हा मात्र डबा उचलून नेमका त्याच्याच टेबलावर जायचा.

त्याच सुमारास कंपनीने आम्हा दोघांना कामासाठी जपानला, कोबे बंदरात पाठवलं. परतल्यावर दोघांतला एकच राहणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. संध्याकाळी धक्क्यावर फिरलो. मागच्या गल्लीत हॉटेलांचे कागदी कंदील लागले होते, भाजलेल्या मासळीचा वास सुटला होता. आणि माझी नेमकी संकष्टी.

"तू जेवून घे," मी म्हटलं.

"रमजानात तू माझ्यासमोर कधी पाणी तरी प्यायलास का? गप चल. चंद्र शोधायची सवय आम्हाला जास्त आहे."

खरंच, क्रेनमागून वर आलेला चंद्र त्यालाच आधी दिसला. केवढ्यांदा ओरडला, "दिसला! यल्ला, जेवायला!"

परतल्यावर एका सकाळी साहेबांनी आधी त्याला आत बोलावलं. दुपारी तो डबा घेऊन थेट माझ्या टेबलावर आला. माझं बोलावणं अजून यायचं होतं, पण मला काय ते कळलं. त्याने सुरमईचा मोठा तुकडा उचलला आणि वाढता वाढता थांबला.

"आज चतुर्थी नाही ना?"