खंड्याचे वकील

"टेंडर काढलं न्हाई, तरी कसं सरळ काम हाय बघा," असं म्हणत ते कचेरीमागच्या मातीच्या उभ्या दरडीतल्या भोकाकडे हनुवटीनं दाखवायचे. वडीगोद्रीच्या बाजूला, कालव्यावरच्या एका लहानशा कचेरीत ते चौकीदार होते आणि मी कारकून. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. त्याला बढती का मिळत नाही, हे त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक असतं.

भोक खंड्या पक्ष्याचं होतं. त्याची माहिती न मागता मिळायची.

"आधी दोघंबी उडत येऊन चोचीनं धडका देत्यात. पाय टेकायपुरती जागा झाली, की मंग कोरून माती पायानं मागं लोटायची. हातभर बीळ, अन् शेवटी खोली. अंडी दोघं पाळीपाळीनं उबवत्यात." मग माझ्याकडे वळून, "तुमची धाकटी जल्मली त्या वक्ताला तुमी कुठं होता, भाऊसाहेब?"

मी कचेरीत होतो. हजेरी त्यांनीच पाहिली होती.

दुपारी ते सायकलचा आरसा धरून उन्हाचा कवडसा बिळात टाकायचे. आतून सडक्या माशांचा असा वास यायचा की मी लांबूनच अभिनंदन करायचो. "पाच हैत," ते सांगायचे. घरी बारसं असल्यासारखे.

त्याच सुमारास वरिष्ठांची पाहणी ठरली. कालव्याला पाणी नव्हतं, पण हिरवळ हवी होती. दरड उतरती करायला आमच्या साहेबांनी जेसीबी आणला. चौकीदार दरडीला पाठ लावून उभे राहिले.

"साहेब, पिल्लं हैत आत. पंधरा दिवस थांबा. उडून जात्याल."

"पक्ष्यांसाठी सरकारी काम थांबवू? ती जागा त्यांच्या बापाची आहे का?"

"न्हाई साहेब. अतिक्रमणच हाय. मंग नोटीस द्यावी लागंल ना?"

अर्ज त्यांनी खिशातच आणला होता: 'सदर जागेवर दोन पक्ष्यांचे सहकुटुंब अतिक्रमण असून, त्यांना पंधरा दिवसांची नोटीस देण्यात यावी.' मी सवयीनं शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला. झालं. माणसाला न घाबरणारे आमचे साहेब कागदाला फार घाबरत. अर्ज अभिप्रायासाठी वर गेला आणि जेसीबी परत गेला.

वरून अभिप्राय आलाच नाही. साहेबांचा मात्र लगेच आला. निवृत्तीला वर्ष राहिलेल्या चौकीदाराची परतूरला बदली, प्रशासकीय कारणास्तव. आदेश मीच टाइप केला. एकही चूक केली नाही.

"बराबर हाय," ते वाचून म्हणाले. "मलाबी नोटीस न्हाई."

आठवड्यानं, निघायच्या सकाळी सामान टेम्पोत चढत होतं. मी मदतीला गेलो होतो, म्हणजे उभा होतो. तेवढ्यात बिळातून एक पिल्लू बाहेर पडलं, धडपडत समोरच्या बाभळीवर गेलं. मग दुसरं. तिसऱ्यानं बराच वेळ घेतला. चौथं सरळ उडालं.

चौकीदारांच्या डोक्यावर खाट होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

"चला ना बाबा, ऊन चढून राह्यलं," टेम्पोवाला म्हणाला.

"पाच होते," ते म्हणाले.

टेम्पोवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलो.